आईच्या तेलावरचा आळ

माझ्या आईनं जवळजवळ वर्षभर स्वयंपाकात तेलाचा थेंब वापरला नाही, आणि त्याला कारण मी. कुणा डॉक्टरनं तिला पथ्य सांगितलं नव्हतं, तिला कसला आजारही नव्हता. बाबांच्या वर्षश्राद्धाला, भरल्या पंगतीत, मी तोंड उघडलं आणि तिच्या तेलावर आळ घेतला. मला राग लवकर येतो आणि बोलायची घाई त्याहून लवकर होते. आजवर त्याची किंमत मीच मोजत आले होते. त्या दिवशी ती आईनं मोजली.

बाबा भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. भिलाईला आले, पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, आणि उभी नोकरी कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, काढली. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आमचं सारं बालपण गेलं. निवृत्त झाल्यावर हुडको वसाहतीत छोटं घर घेतलं. तिथे एका सकाळी दूध घेऊन आले, पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, एवढंच कळलं. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं भान नव्हतं.

तेव्हा मी दुर्गच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि पीएच.डी.साठी रायपूरच्या एका प्रयोगशाळेत जात होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात घेतलं म्हणून सगळे हसले होते. हसा म्हटलं. कॉलेज सुटलं की रायपूरची गाडी धरायची, आठवड्यातून चार दिवस, उन्हाळा असो की काही असो. विषय होता तेलातले, म्हणजे मेदातले, खोडकर रेणू आणि त्यांना पेशी काय उत्तर देते ते.

विषय ऐकायला अवघड आहे, पण तसा सोपा आहे. मेदाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. त्या साखळीत काही जागा नाजूक असतात. तिथे ऑक्सिजन चिकटला की साखळी तुटते आणि तिचे जे तुकडे पडतात ते मोठे उपद्व्यापी. दिसेल त्या प्रथिनाला जाऊन धरतात. आपल्या शरीरातही हे घडतच असतं. पण पेशी हातावर हात ठेवून बसत नाही. तिच्यात एक राखणदार प्रथिन असतं, ते एका निरोप्या प्रथिनाला धरून ठेवतं, कुठे जाऊ देत नाही. हे तुकडे राखणदाराच्या नेमक्या जागी, जिथे गंधक असतं तिथे, जाऊन चिकटले की त्याची पकड ढिली होते. निरोप्या सुटतो, पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि बचावाची जनुकं जागी करतो. मग पेशी विष निपटणारी प्रथिनं बनवायला लागते. तुकडे थोडे असले तर पेशी तयार होऊन बसते आणि पुढचा मोठा मारा झेलते. फार असले तर मरते. हे मी एकदा बाबांना समजावलं होतं. ते म्हणाले, म्हणजे आमच्या ओव्हनवरचा गॅसचा भोंगाच की. वेळेवर वाजला तर माणूस वाचते. मला फार आवडलं होतं ते.

माझ्याकडे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी होत्या, काचेसारख्या स्वच्छ ताटल्यांमध्ये वाढवलेल्या. काही ताटल्यांत मी काहीच घालत नसे. काहींत शुद्ध मेदाम्ल घालत असे, रोजच्या खाण्याच्या तेलात असतं तेच, अजून न तुटलेलं. काहींत तुटलेले तुकडे. अपेक्षा अशी की शुद्ध मेदाम्लाच्या ताटल्या शांत राहतील आणि तुकड्यांच्या ताटल्यांत भोंगा वाजेल. पण झालं भलतंच. शुद्ध मेदाम्लाच्या ताटल्यांतही भोंगा वाजत होता. एकदा नाही, दर वेळी. माझ्या गाइड मॅडम खूश झाल्या. न तुटलेला मेदसुद्धा पेशीला घाबरवतो, असं कुणी ठामपणे दाखवलेलं नव्हतं. मी तर हवेतच होते.

त्याच हवेत बाबांचं वर्षश्राद्ध आलं. आमच्याकडे श्राद्धाला वडे लागतातच. आईनं पहाटेपासून डाळ वाटली होती. पंगतीत बाबांची धाकटी बहीण, खुर्सीपारची माझी आत्या, माझ्यासमोरच बसली होती. तिला बाबांनीच वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. तिनं सहज विचारलं, तुहं ते रायपूरचं काय चालू हाय म्हणून. आणि मी सुरू झाले. वड्याकडे बोट दाखवून सांगितलं की हे तेल पोटात गेलं की रक्तवाहिनीच्या पेशी कशा हादरतात, मी रोज डोळ्यांनी पाहते. वर आणखी म्हणाले, बाबांनी चाळीस वर्षं आईच्या हातचं तळलेलं खाल्लं, मग दुसरं काय होणार होतं.

आत्यानं हातातला वडा ताटाच्या कडेला ठेवला. तिनं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत म्हणाली, "म्हणजे माह्या भावाले घरच्याच तेलानं नेलं." मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, तसं एकदम सांगता येत नाही, पण. तो 'पण' मी गिळला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. आई वड्यांची परात घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात फोडणी बंद. तेलाची बरणी आईनं शेजारणीला देऊन टाकली. वरण उकडलेलं, भाजी उकडलेली, वर कच्चं मीठ. मी म्हणाले, अगं थोडं चालतं. ती हो म्हणायची आणि तसंच करायची. आमच्या जुन्या सेक्टरच्या बायका तिला लग्नामुंजीत वडाभात करायला हक्कानं बोलवायच्या. गरम भातावर वडा कुस्करून वरून लसणाची कडकडीत फोडणी ओतावी तर हिनंच. आता कुणी बोलवायला आलं की ती गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे तिचे ठणठणीत होते. आत्या दिवाळीला आली, पाणी प्यायली आणि गेली. पूर्वी शब्दाशब्दाला वैनी म्हणणारी बाई, आता नुसतं 'येतो' म्हणून निघाली.

एकदा मी डबा भरत होते तेव्हा आईनं पाठमोरीच विचारलं, "खरं सांग. मीच मारलं का त्याईले?"

मी चिडले. काहीतरीच काय बोलतेस, मी तसं म्हणाले नव्हते, उशीर होतोय मला. असं म्हणून गाडीला पळाले. गाडीत बसल्यावर मला माझीच लाज वाटली. कारण 'तू नाही मारलंस' असं मी म्हटलंच नव्हतं. म्हणू शकत नव्हते. माझ्या ताटल्या हो म्हणत होत्या.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणाच्या घरातल्या मुलीनं केली नसती. ते मेदाम्ल परदेशातून यायचं, बोटाएवढ्या बंद काचेच्या नळीत, आत हवा नाही. नळीची मान मोडायची, लागेल तेवढं घ्यायचं आणि उरलेलं त्याच दिवशी फेकायचं, असा नियम. मला लागायचं नळीतलं जेमतेम निम्मं. निम्मं फेकायचं? आमच्या घरात तेलाचा रिकामा डबासुद्धा उन्हात उपडा घालून शेवटचा थेंब गाळला जायचा. मी तशा घरात वाढलेली. माझा हातच होईना. मी एक तपकिरी बाटली घेतली आणि प्रत्येक नळीतलं उरलेलं त्या बाटलीत ओतत गेले. बाटली फ्रीझरमध्ये. थंड आहे, अंधार आहे, काय होतंय. पुढचे बहुतेक प्रयोग मी त्या बाटलीतूनच केले. वहीत लिहिलं नुसतं 'शुद्ध मेदाम्ल'. मॅडमना बाटलीचं माहीतच नव्हतं, त्यांनी विचारलं नाही आणि मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. उलट आपण किती जपून काम करतो याचा अभिमानच होता.

वर्षश्राद्ध होऊन सहा महिने झाले होते. त्या दिवशी बाटलीतून काढताना दोन थेंब माझ्या ओढणीवर सांडले. संध्याकाळी घरी आले, ओढणी खुर्चीवर टाकली. आईनं धुवायला म्हणून उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, हे खवट कशाचं लावून आली तू?

मी म्हणाले, खवट नाही ते, फार शुद्ध असतं, बंद काचेतून येतं.

"आलं असंल," आई म्हणाली. "आता खवट हाय. जुनं नव्यात ओतून राहिली का तू?"

आई आपल्याच नादात ओढणी भिजवत सांगत होती. तिच्या माहेरी खायला जवसाचं तेल असायचं. ते फार लवकर बिघडतं. म्हणून घाण्यावरून आणलं की तिची आई ते लहान लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायची, हवेला जागाच ठेवायची नाही, आणि बाटल्या धान्याच्या कोठीत पुरायची. एक बाटली फोडली की ती संपवायची. उरलेलं थेंबभर असलं तरी ते दिव्याला, नव्या तेलात कधीच नाही. जुन्याचा एक चमचा गेला तर नवं सगळं खवट होते, म्हणाली. तळणाचं उरलेलंसुद्धा मी दोन दिवसांत संपवत होती ना, म्हणाली, तू पाहिलं नाही का कधी?

पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. शेवटचा थेंब जपायचा एवढंच मी उचललं, आणि तो कुठे ओतायचा नाही हे सोडून दिलं. आणि मी शिकलेली बाई. तुटलेला एक रेणू शेजारच्याला तोडतो, तो त्याच्या शेजारच्याला, ही साखळी मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. फळ्यावर काढते आणि फ्रीझरमध्ये करते. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते हे. प्रयोगशाळेत बाटलीला नाक लावायचं नाही असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. मी हातानं हलकासा वारा घालून वास घेतला. मग नवीन नळी फोडून तिचा घेतला. नळीला जवळजवळ वासच नव्हता. बाटलीला होता, जुन्या शेंगदाण्याचा. मग दोन्ही यंत्रात घालून तपासले. नळीतलं स्वच्छ, बाटलीतलं तुटलेलं. इतके महिने मी पेशींना शुद्ध म्हणून खवट पाजत होते. भोंगा वाजणारच होता.

मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं, बाटलीसकट. त्यांचा चेहरा उतरला. प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्या ताटल्यांवर उभं होतं आणि लिहूनही झालं होतं. माझ्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवलेली, आता पाचच महिने उरलेले. मॅडमनी एवढंच विचारलं की पुन्हा करायला किती दिवस लागतील. मी म्हणाले, चार महिने, काही बिघडलं नाही तर. त्या हिंदीत म्हणाल्या, मग उभी का आहेस?

त्या प्रकरणाची पानं मी त्याच दिवशी बाजूला काढली. वाईट वाटलं का? वाटलं. दोन मिनिटं. मग डिग्रीचं मला काही वाटेनासंच झालं, खरं सांगते. डोक्यात एकच होतं, की मी आईला जे केलं ते एका खवट बाटलीच्या भरवशावर केलं. ते मला निस्तरायचं होतं. पण या वेळी घाईनं नाही. एका आलेखावर मी पंगतीत बोलले होते. आता तीन वेळा तेच उत्तर आल्याशिवाय घरात चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं.

कॉलेजातून बिनपगारी रजा काढली. रोज रायपूर. दर प्रयोगाला नवी नळी, मान मोडायची, निम्मं घ्यायचं, निम्मं फेकायचं. पहिल्यांदा फेकताना हात पुन्हा बाटलीकडे गेला, आणि मी मोठ्यानं स्वतःला शिवी दिली. शेजारच्या टेबलावरची सगळी वळून पाहायला लागली. पाहा म्हटलं. पहिली फेरी झाली: ताज्या मेदाम्लाच्या ताटल्या शांत. दुसऱ्या फेरीत पेशींना बुरशी लागली, सगळं फेकलं, पुन्हा वाढवल्या, पुन्हा केलं. शांत. मे महिन्यात रायपूर भट्टीसारखं तापलं, दोनदा वीज गेली, मी बर्फाच्या पेट्या उराशी धरून जिने चढले. तिसरी फेरी. शांत. ती तपकिरी बाटली मात्र मी फेकली नाही. तिच्यातलं किती तुटलंय ते मोजलं आणि मोजून मापून, अगदी थोडं पेशींना दिलं. भोंगा वाजला, आणि त्या पेशी पुढच्या मोठ्या माऱ्यातून वाचल्या. जास्त दिलं, तर मेल्या. म्हणजे दोष मेदाचा नव्हता, त्याच्या तुकड्यांचा होता, आणि तेही किती आहेत त्यावर. माझं गाजणारं प्रकरण गेलं, आणि त्याच्या जागी एक लहान, साधं, खरं प्रकरण आलं. मुदतीच्या चार दिवस आधी प्रबंध दिला.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई दुधी चिरत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. ओढणीपासून सुरुवात केली. राखणदार, निरोप्या, सगळं सांगितलं, कारण तिला कळतं, आपल्यालाच वाटतं की कळणार नाही. शेवटी म्हणाले, मी जे बोलले होते त्याला काही आधार नव्हता, तुझं तेल माझ्या बाटलीपेक्षा चांगलं होतं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. विळी बाजूला सारली आणि म्हणाली:

"मले राग आला होता तुह्यावर. लय राग. मले एकटीले आता सांगून काय फायदा? तू तर साऱ्याईच्या समोर बोलली होती."

बरोबर होतं तिचं. मी म्हणाले, साऱ्यांसमोरच सांगते. पंधरा दिवसांवर बाबांचं दुसरं श्राद्ध होतं. आई म्हणाली, या वर्षी वडे करणार नाही. मी म्हणाले, करायचे. ती नाही म्हणाली, मी हो म्हणाले. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मी बाजारातून तेल आणलं, डाळ भिजत घातली आणि स्वतः वाटायला बसले. माझं वाटण पाहून आईला राहवलं नाही. सरक तिकडे, म्हणाली.

तीच माणसं पंगतीला आली. आत्याही आली, भावाचं श्राद्ध होतं, ती कशी चुकवेल. सगळ्यांच्या पानात वडे वाढले. आत्याच्या पानातला वडा तसाच राहिला, कडेला सरकवलेला. मी वाढता वाढता थांबले आणि मध्ये उभी राहिले. म्हणाले, गेल्या वर्षी मी इथे आईच्या तेलाबद्दल बोलले होते, ते चूक होतं. खवट माझी बाटली होती, आईचं तेल नाही. वर्षभर आईनं माझ्यामुळे ते सोसलं. मी तिची माफी मागते, तुम्हा सगळ्यांसमोर.

आत्यानं मान वर केली. "मंग कशानं गेला माहा भाऊ?"

"माहीत नाही, आत्या." हे शब्द उच्चारणं माझ्या जन्मात सगळ्यात जड गेलं असेल. "ओव्हनचा धूर होता. बिडी होती. आजोबाही त्याच वयात गेले होते. ताटलीतल्या पेशींवरून बाबांचं सांगता येत नाही. मला माहीत नव्हतं, आणि मी आईचं नाव घेतलं."

आत्या पानाकडे पाहत बसली. आई आतल्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाशी. मी उभीच. असं वाटलं की आता आत्या उठून हात धुवायला जाणार.

तिनं कडेचा वडा उचलला, दाबून पाहिला आणि दाराकडे मान वळवली.

"वैनी," आत्या म्हणाली, "हा गार झाला. गरम वाढ."